चढावरचे दोन सेकंद

आमच्या गल्लीत त्यांना पायी मिस्त्री म्हणतात. गॅरेज गाड्यांचं आणि मालक मात्र चालत येणारा, म्हणून. घरापासून गॅरेजपर्यंत पाऊण तासाची चाल, संध्याकाळी तेवढीच परत. वाटेत कुणी गाडी थांबवून "बसा की" म्हटलं तर हात हलवून सांगायचे, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." कुठल्या डॉक्टरांनी, हे कुणी विचारलं नाही. मला ठाऊक होतं की असा कुणी डॉक्टर नव्हताच.

मी त्यांच्या शेजारची. गाड्यांच्या सीटा शिवते. दोन दुकानांत एकच भिंत, तीही पत्र्याची, त्यामुळे त्यांच्याकडे पाना पडला तरी माझी सुई थांबते. मिस्त्री माणूस हाताचा सोन्यासारखा, बोलण्याचा कंजूष. त्यांचा एक नियम होता: दुरुस्त केलेली गाडी ते स्वतः फिरवून बघायचे नाहीत. "गाडी तुमची, पाय तुमचा, ट्रायल तुम्हीच घ्या," असं प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचे. लोकांना वाटायचं, काय सरळ माणूस, दुसऱ्याच्या पेट्रोलवर उगाच हिंडत नाही. लोकांचं काय, ते कशालाही मोठेपणा चिकटवतात.

खरी गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. एका गाडीचे ब्रेक त्यांनीच उघडून बसवले होते आणि मालकाशेजारी बसून ट्रायलला गेले होते. कालव्याकडच्या उतारावर ब्रेकचं पेडल सरळ जमिनीला टेकलं. आत एक रबर तिरकं बसलं होतं, एवढंच. मालकानं गाडी खडीच्या ढिगात घातली, पुढचं एक चाक पाण्यावर लटकलं आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मालक नंतर हसतसुद्धा होता. त्या गाडीची सीट शिवायला माझ्याकडे आली. मिस्त्रींनी जिथे धरून ठेवलं होतं तिथलं रेक्झिन दोन्ही बाजूंनी मूठ-मूठभर फाटलं होतं. "ताई, शिवून द्या, आणि कुणाला बोलू नका," एवढंच म्हणाले. मी तोंडाला कुलूप घातलं. त्या दिवसापासून ते चालणाऱ्या गाडीत बसले नाहीत. बसमध्ये नाही, लग्नाच्या गाडीत नाही, कुठेच नाही. घरात बायकोला कळलं असेल तर कोण जाणे, ती बिचारी आता नाही. मुलीला मात्र डॉक्टरचीच गोष्ट माहीत होती.

ही मुलगी एकुलती एक. तिच्याकडे वीस वर्षांची जुनी पिकअप आहे, पेट्रोलवरची. धुलाईच्या कारखान्यातून हॉस्पिटलच्या चादरींची गाठोडी न्यायची, मळकी परत आणायची, हा तिचा धंदा. नऊ वर्षं चालवतेय. कारखाना हायवेच्या अलीकडे, हॉस्पिटल पलीकडे. मधे हायवे ओलांडायला दुभाजकात एक फट आहे, सिग्नल नाही, पूल नाही. आपला छोटा रस्ता चढ चढून हायवेला भिडतो. त्या चढाच्या टोकावर थांबायचं, ट्रकांच्या रांगेत जागा दिसली की गाडी घालायची. दिसायला सोपं आहे. मी एकदा तिथून गेले तेव्हा देवाचं नाव घेतलं होतं, आणि एरवी मी देवाला फारसा त्रास देणारी बाई नाही.

पहिल्यांदा ती हसत हसतच सांगायला आली. "बाबा, गाडी म्हातारी झाली हो. चढावरून निघताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी विचार करते, मग निघते."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. एअर फिल्टर झटकून बदलला, इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल काजळीनं भरला होता तो घासून साफ केला. मग इंजिन चालू करून, तिथेच उभ्या उभ्या, दोन बोटांनी अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली. इंजिन गरजलं. सोडली, पुन्हा ओढली. "बघ, कुठे अडखळतेय? वाघ आहे वाघ." मुलगी गाडी घेऊन गेली.

आठ दिवसांत परत. या वेळी हसत नव्हती. मिस्त्रींनी पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंपाचं प्रेशर मोजलं, प्लग नवे टाकले, कुठल्या पाइपातून हवा चोरून आत जातेय का तेही बघितलं. एवढ्या सगळ्यात एक पाइप चिरलेला सापडला. केवढा आनंद झाला त्यांना! "सापडला चोर," म्हणाले. पुन्हा दोन बोटांनी केबल ओढली, पुन्हा वाघ गरजला.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी पिकअप गॅरेजसमोर येऊन थांबली ती इंजिन बंद न करताच. मी कातर टाकून बाहेर आले. गाडीचा मागचा उजवा कोपरा चेपला होता, दिवा नुसता वायरीला लोंबत होता. मुलगी स्टिअरिंग धरून तशीच बसून होती. तिचं तोंड पांढरंफटक.

"टँकर," ती म्हणाली. "अर्ध्या रस्त्यात गेले आणि गाडी मेली. पाय खाली आणि गाडी नाही. एक, दोन. मी मोजले, बाबा. दोन झाल्यावर उसळली. टँकर मागून घासून गेला."

मिस्त्रींनी तिला हात धरून उतरवलं.   चेपलेला पत्रा मी बोटानं चाचपून बघितला. आणखी चार हात पुढे लागला असता तर टँकर दारावर आला असता, आणि दारामागे ती होती.

मिस्त्रींनी सगळं परत उघडलं. दुपारपर्यंत त्यांना काही सापडलं नाही. केबल ओढली की इंजिन ठणठणीत. शेवटी मी म्हटलं, "मिस्त्री, इथे उभं राहून काय कळणार? शेजारी बसा एकदा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. मग म्हणाले, "तुम्ही चालवून बघा, ताई. तुम्हाला येते ना?"

मला येते. मी रिकामी पिकअप घेऊन त्या चढापर्यंत गेले. जीव मुठीत धरून गेले, पण गेले. टोकावर हॅन्डब्रेक ओढून थांबले, रस्ता रिकामा दिसल्यावर ब्रेक सोडून पाय दाबला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पार. पुढून वळून परत आले, परत येतानाही तेच. गॅरेजमध्ये उतरल्यावर मी जे बोलले ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली ओढावीशी वाटते. मी म्हणाले, "गाडीत काही नाही, मिस्त्री. पोरगी घाबरते, म्हणून तिचा पाय नीट बसत नसेल."

मिस्त्रींचा चेहरा एकदम सैल झाला. बुडत्याला कुणी दोर टाकावा तसं त्यांनी ते वाक्य धरलं. "बघ," मुलीला म्हणाले, "मावशीच्या पायाखाली कशी पळाली. तू घाबरू नकोस म्हणजे झालं."

 ती बापाला म्हणाली, "मी घाबरतेच, बाबा. कोण नाही घाबरणार? तुम्ही बसा शेजारी, मग बघा कोण अडखळतं, गाडी का मी."

"ट्रायल गिऱ्हाईकानं..."

"मी गिऱ्हाईक नाही."

मिस्त्री खाली वाकून पाने गोळा करायला लागले. पाने आधीच गोळा केलेले होते. ती गाडीत बसली आणि गेली. हॉस्पिटलला दुसऱ्या दिवशीच्या चादरी लागणारच होत्या, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला सांगून टाकलं होतं की गाडीत दोष नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आले तर गॅरेज बंद. पायी मिस्त्री अकरा वर्षांत कधी उशिरा आले नव्हते. मला काय सुचलं कुणास ठाऊक, शटर अर्धवट ठेवून मी स्कूटरला किक मारली आणि थेट तो चढ गाठला. मिस्त्री तिथेच होते. रस्त्याकडेला सिमेंटच्या पाइपांची रास होती, तिच्या आडोशाला उभे. घरून उजाडायच्या आधी निघून दोन तास चालत आले होते.

"तुम्ही कशाला आलात?" ते म्हणाले.

"तुम्ही कशाला आलात?" मी म्हटलं. 

हायवे सकाळी फार घाई करतो. ट्रक एकामागून एक, मधल्या जागा बोटभर. प्रत्येक ट्रक गेला की वाऱ्याचा फटका बसायचा आणि पायाखालची माती थरथरायची. मग ती आली. गाडी गच्च भरलेली, गाठोडी दोरानं आवळलेली. आम्ही तिला दिसत नव्हतो. चढाच्या टोकावर ती थांबली.

"ब्रेकचा दिवा लागलेला नाही," मिस्त्री पुटपुटले. "आणि मागेही सरकत नाही."

"हॅन्डब्रेक ओढला असेल."

"नाही. इंजिन ऐका. आवाज चढलेला आहे."

मला तर ट्रकांपुढे काहीच ऐकू येत नव्हतं. एवढ्यात जागा झाली आणि ती निघाली. पिकअपनं नाक वर केलं, दोन हात पुढे गेली, आणि तिथेच, पहिल्या लेनच्या मधोमध, नाक खाली टाकून मेली. लांबून एक ट्रक येत होता. त्यानं हॉर्न धरला तो सोडलाच नाही. एक. मी मनात मोजत होते. मिस्त्रींनी माझा दंड धरला होता, नखं रुतली होती. दोन. पिकअप उसळली आणि दुभाजकाच्या फटीत शिरली. ती जिथे होती तिथून ट्रक गेला. चाकांचा करपट वास आमच्यापर्यंत आला.

मिस्त्री खाली बसले.  मीही पाइपाला टेकले.  पलीकडे ती फटीत थांबली, मग दुसरी बाजू ओलांडून दिसेनाशी झाली.

ती गेल्यावर मिस्त्री बोलले. "ती पाय दाबूनच उभी राहते, ताई. क्लच अर्धा, अ‍ॅक्सिलरेटर थोडा, असं गाडीला चढावर तोलून धरते. ती त्याच जागेवरून पुढे दाबते. मी केबल ओढतो ती शून्यातून एकदम वर. तुम्ही ब्रेक लावून उभ्या राहिलात, तुमचाही पाय एकदम गेला. तिचा पाय ज्या जागेवर असतो तिथे आपण दोघंही कधी थांबलोच नाही."

"मग?"

"पाय किती दाबला हे इंजिनाला सांगणारा एक सेन्सर असतो, काडेपेटीएवढा. आत एक काळी पट्टी, तिच्यावरून एक काटा सरकतो. एकाच ठिकाणी झिजली असेल तर तेवढ्यापुरता तो मुका होतो. इंजिनाला वाटतं, पाय काढला." ते थांबले. "मीटर लावून बघायला लागेल. गाडी भरलेली हवी, चढ हवा, आणि पाय तिचाच हवा."

"मी बसते शेजारी. मीटर वाचून सांगते," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, कारण आदल्या दिवशीचं वाक्य मला खात होतं.

त्यांनी मान हलवली. "काटा क्षणात पडतो आणि उठतो. तुम्हाला नाही कळायचं."

मी त्यांना स्कूटरवर बसा म्हटलं नाही. माझी स्कूटर ढकलत आम्ही दोघं चालतच परतलो.

दुपारी मुलगी मळक्या चादरी उतरवून आली. मिस्त्री तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी येतो. पण आधी ऐक. मला कुणी डॉक्टरनं चालायला सांगितलेलं नाही. मला गाडीत बसायची भीती वाटते. अकरा वर्षं वाटतेय." मग कालव्याची गोष्ट सांगितली, तुटक तुटक, रबराच्या तिरकेपणासकट.

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "आणि मला म्हणालात, घाबरू नकोस." एवढंच. पण ते त्यांना लागायचं तिथे लागलं.

त्यांनी सेन्सरच्या वायरीला दोन तारा जोडल्या, बॉनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घेतल्या आणि त्यांचा जुना काट्याचा मीटर मांडीवर ठेवला. वजनासाठी मागे माझ्या दुकानातली रेक्झिनची गाठोडी भरली. दारापाशी बसवेना म्हणून ते मधे बसले, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांत, आणि मी दारापाशी. तिघं म्हणजे बरणीत कोंबल्यासारखे. गाडी हलली तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज आला, लहान मूल झोपेत दचकून काढतं तसा. मुलीनं तो ऐकला आणि पहिल्या गिअरमध्येच गाडी चालवत राहिली. मिस्त्रींना दरदरून घाम फुटला होता. त्यांच्या खांद्याची थरथर माझ्या खांद्याला कळत होती. समोर बघत नव्हते, मीटरकडेच बघत होते.

चढावर पोचलो. "रस्त्यात जायचं नाही," ते म्हणाले. "रोज धरतेस तशी धरून ठेव, मग थोडीच पुढे दाब."

तिनं गाडी तोलून धरली. काटा एका जागी थरथरत उभा राहिला. तिनं पाय किंचित दाबला. काटा वर जायच्या ऐवजी धाडकन शून्यावर पडला, इंजिनानं आचका दिला, आणि मग काटा उडून वर गेला.

"हे बघ!" मिस्त्री ओरडले. "इथे! हेच!" क्षणभर ते भीती विसरले होते. तिला पुन्हा करायला लावलं, पुन्हा काटा पडला. तिसऱ्यांदाही. "बरोबर तू पाय धरतेस तिथेच झिजलंय. बाकी कुठे नाही. पण असं धरतेस कशाला गं? हॅन्डब्रेक का लावत नाहीस? नऊ वर्षं एकाच जागी पाय घासलास तर दगडही झिजेल."

मुलीनं त्यांच्याकडे वळून बघितलं. "तुम्हीच शिकवलंत."

"मी?"

"गाडी शिकवताना. तुम्ही आत कुठे बसला होतात, शेजारून चालत होतात. म्हणालात, ब्रेकवर कधी विसंबायचं नाही. चढावर गाडी पायावर तोलून धरायची. पाय हलला की गेलीस, असं म्हणालात. मी एकदाही हलवला नाही."

मिस्त्रींनी मीटर उलटा करून मांडीवर ठेवला.  खाली उतरताना ते एवढंच म्हणाले, "पोरी, माझी भीती मी तुझ्या पायात घातली."

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. तोपर्यंत गाडी गॅरेजमधून हलली नाही. हॉस्पिटलच्या चादरी माझ्या भाच्याच्या टेम्पोनं गेल्या. मिस्त्रींनी सेन्सर बसवला, मीटर लावून मुलीच्या पायाखाली काटा सावकाश वर जाताना दहादा बघितला. गाडी बरी झाली होती. तरी ते हात पुसून मोकळे झाले नाहीत. बसून हॅन्डब्रेकच्या केबली उघडल्या, मागच्या चाकांच्या ब्रेकड्रमांत डोकं घातलं, एकेक रबर उजेडाला धरून बघितलं आणि बसवलेलं परत काढून बसवलं. कशासाठी, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. गाडीचा दोष गेला होता, पायातला तसाच होता, आणि पाय तसाच राहिला तर नवा सेन्सरही तिथेच झिजणार आणि एक दिवस तिला पुन्हा रस्त्याच्या मधोमध टाकणार.

त्यापुढच्या सकाळी गाडी भरून ती निघाली तेव्हा मिस्त्री न सांगता येऊन मधे बसले. मीही बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या बाप-लेकीला एकटं सोडायची माझी छाती झाली नाही.

चढाच्या टोकावर तिनं सवयीनं गाडी तोलून धरली. समोरून ट्रक जात होते, धड धड धड. मिस्त्रींनी हॅन्डब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला, सगळा जीव लावून ओढला आणि म्हणाले, "आता पाय काढ."

"बाबा, गाडी मागे जाईल."

"जाणार नाही. मी बसवलाय."

कालव्यावरच्या गाडीचा ब्रेकही तुम्हीच बसवला होता, असं माझ्या मनात आलं. त्यांच्याही मनात तेच असणार. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मुलीचा उजवा पाय पेडलवर लटलट कापत होता. मग तिनं तो उचलला. त्याच वेळी डाव्यानं क्लच पूर्ण दाबला. गाठोड्यांचं सगळं वजन मागे ओढत होतं, मागे तो लांबलचक चढ, पुढे हायवे. गाडी एकदा करकरली.  गाडी जागची हलली नाही.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "एवढी घाई नाही. पाय पेडलवर नको, खालीच ठेव." दोन ट्रक गेले, एक बस गेली. मग जागा झाली. "दाब. आता."

तिनं दाबलं, त्यांनी ब्रेक सोडला आणि गाडी सरळ निघाली. अडखळली नाही. पहिली लेन, दुसरी लेन, फट, पलीकडची बाजू. लांबून एक हॉर्न ऐकू आला, पण तो आमच्यासाठी नव्हता.

पलीकडे झाडाखाली तिनं गाडी बाजूला घेतली. मिस्त्रींच्या सगळ्या शर्टाला घाम होता, हात अजून दांड्यावरच होता आणि बोटं उघडत नव्हती. तिनंच एकेक करून सोडवली.

"बाबा, उतरा आता," ती हळूच म्हणाली. "इथून चालत जा हवं तर. हायवेखालच्या बोगद्यातून पायवाट आहे. मावशी येतील सोबत."

मी दाराच्या कडीवर हात ठेवला. मिस्त्री उतरायच्या बेतात सरकले आणि थांबले. मागे वळून त्या रस्त्याकडे बघायला लागले. ट्रक तसेच धावत होते.

"चादरी टाकल्यावर तू परत कशी येतेस?" त्यांनी विचारलं.

"इथूनच. दुसरा रस्ता कुठे आहे?"

"म्हणजे रोज दोनदा?"

"रोज दोनदा. नऊ वर्षं."

मिस्त्री पुन्हा मधे सरकून बसले. "ताई, तुम्हाला उतरायचं तर उतरा," मला म्हणाले. "मी परत येईपर्यंत हिच्याबरोबर आहे."